प्रश्नाचेही कौतुक व्हावे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अलीकडे एका लेखकाने अशी खंत व्यक्त केली होती की, आजच्या मुलांमधले कुतूहल आटत चालले आहे आणि त्याला मोबाईल जबाबदार आहे. लेख तळमळीने लिहिलेला होता आणि त्यातली काळजी खरी होती, हे मान्य करूनही मला त्या निदानाविषयी शंका आहे. आयुष्यभर शाळेत गणित शिकवल्यानंतर आणि निवृत्तीनंतरची काही वर्षे नातवाच्या मागे फिरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, कुतूहल सहसा आटत नाही. त्याची वाट अडते, आणि ती अडवण्याचे काम घाईत असलेला एखादा मोठा माणूस मोबाईलपेक्षा कितीतरी सराईतपणे करतो. त्या मोठ्या माणसांत मी स्वतःलाही धरते. ते का, हे पुढे सांगतेच.

निमित्त घडले ते कमाटीबागेतल्या संग्रहालयात. १८९४ पासून उभ्या असलेल्या त्या इमारतीत इजिप्तची ममी आहे, युरोपीय चित्रे आहेत, आणि आम्हा बडोदेकरांच्या तीन पिढ्यांनी डोळे विस्फारून पाहिलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. सुमारे ७२ फूट लांबीचा तो देवमासा १९४४ साली मही नदीच्या मुखापाशी सापडला होता. मी नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन गेले त्या दिवशी तिथे कुठल्याशा शाळेची सहल आली होती. रांगेतल्या एका मुलीने सांगाड्याकडे बोट दाखवून आपल्या बाईंना गुजरातीत विचारले, की समुद्रातला एवढा मोठा प्राणी नदीपाशी आलाच कसा? बाईंनी घड्याळाकडे पाहिले आणि ‘पुढे चला, प्रश्न नंतर’ असे म्हणून रांग हलवली. पन्नास मुलांना साडेबाराच्या आत बसमध्ये बसवायचे असते तेव्हा काय होते हे मला ठाऊक आहे, त्यामुळे त्या बाईंना मी दोष देणार नाही. रांग पुढे गेली. प्रश्न मात्र तिथेच, काचेसमोर, राहिला आणि माझ्या नातवाने तो उचलला. ‘आजी, खरंच, तो का आला? त्याला समुद्र नव्हता का?’

मला उत्तर येत नव्हते. तो देवमासा नेमका कशामुळे किनाऱ्याला लागला हे आजही मला सांगता येणार नाही. पण मही नदी शेवटच्या टप्प्यात इतकी रुंद होते की लोक तिला महिसागर म्हणतात, आणि ती ज्या खंभातच्या आखातात मिळते तिथली भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी आहे, एवढे ऐकून माहीत होते. तेवढेच मी सांगितले. त्यावर ‘भरती मोठी म्हणजे किती मोठी?’ असा पुढचा प्रश्न आला. तो सोडवायला आम्ही पुढच्या रविवारी जंबुसर तालुक्यातल्या कावी-कंबोईला गेलो. तिथले स्तंभेश्वर महादेवाचे देऊळ आपल्या बहुतेक वाचकांनी पाहिलेले असेल. भरतीच्या वेळी ते पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा उघडे पडते. शंकराच्या पिंडीवर समुद्र स्वतः अभिषेक करतो, असे भाविक म्हणतात, आणि मीही त्याच भावाने हात जोडले. नातवाने हात जोडले खरे, पण त्याचे लक्ष भिंतीवरच्या ओल्या रेषेकडे होते.

आखाताचा आकार नरसाळ्यासारखा आहे. दक्षिणेकडे तोंड रुंद, उत्तरेकडे चिंचोळे आणि उथळ. अरबी समुद्रातून आत शिरलेले पाणी जसजसे चिंचोळ्या भागाकडे सरकते तसतसे त्याला पसरायला जागा राहत नाही, म्हणून ते उंच चढते. पलीकडे भावनगरच्या बाजूला मोठ्या भरतीला भरती-ओहोटीतले अंतर दहा मीटरच्या घरात जाते, म्हणजे तीन मजली घराएवढे. हे मी नातवाला वाळूत बोटाने आकृती काढून समजावले आणि शिक्षिकेला होतो तसा आनंद मला झाला. तो फार टिकला नाही. दर्शनाची वेळ रोज बदलते, असे तिथे कुणीतरी सांगितले, आणि ती का बदलते हे त्याला हवे होते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही तेवढीच उशिरा येते, असे मी सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘पण चंद्र तर एकच आहे. मग भरती दिवसातून दोनदा का?’

संपादक महोदय, इथे मी अडले. चंद्र ज्या बाजूला आहे त्या बाजूचे पाणी त्याच्याकडे ओढले जाते, हे पाठ्यपुस्तकात मी शंभरदा वाचले होते. पण त्याच वेळी पृथ्वीच्या नेमक्या उलट बाजूलाही पाणी का फुगते, हा प्रश्न मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत कधी पडलाच नव्हता. तो समजून घ्यायला मला चार संध्याकाळी लागल्या. चंद्राची ओढ जवळच्या पाण्यावर सर्वांत जास्त असते, पृथ्वीच्या मध्यावर त्याहून कमी आणि पलीकडच्या पाण्यावर सर्वांत कमी. म्हणजे जवळचे पाणी पृथ्वीच्या पुढे ओढले जाते आणि पलीकडच्या पाण्याला सोडून पृथ्वी जणू थोडी पुढे जाते, ते मागे राहते. दोन्हीकडे फुगवटा येतो आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा त्या दोन्ही फुगवट्यांखालून जातो. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्याची ओढ त्यात मिळते, म्हणून तेव्हा उधाण येते. हे कळले त्या रात्री मी स्वयंपाकघरात एकटीच हसले.

एवढ्या तपशिलात शिरले ते भरतीविषयी लिहायचे आहे म्हणून नव्हे. या दहा-पंधरा दिवसांत कुतूहलाचा स्वभाव मला जितका जवळून दिसला तितका अध्यापनाच्या सगळ्या प्रशिक्षणांत दिसला नव्हता. कुतूहल म्हणजे अज्ञान नव्हे. ज्याला एखाद्या विषयातले काहीच माहीत नाही त्याला त्या विषयाबद्दल सहसा कुतूहल नसते, आणि ज्याला सारे माहीत आहे असे वाटते त्यालाही नसते. थोडे कळलेले असते आणि त्यात एक भोक राहिलेले असते, तेव्हा ते भोक खुपू लागते. जेवणानंतर दातात सुपारीचा कण अडकावा आणि जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जावी, तसे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९४ साली कुतूहलाची मीमांसा नेमकी अशीच केली होती: आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत असावेसे वाटते, त्यांतील अंतराची जाणीव म्हणजे कुतूहल, आणि ही जाणीव सुखद कमी, अस्वस्थ करणारी जास्त असते. मही नदी, तिचे मुख, आखात, भरती हे थोडेथोडे कळत गेले म्हणूनच नातवाला चंद्र एकच असल्याची अडचण दिसली. आपण ‘मुलांमध्ये कुतूहल निर्माण करा’ असे सहज म्हणतो, पण रिकाम्या जागी भोक पाडता येत नाही. आधी थोडे कापड लागते.

हे अंतर जाणवण्याची शक्ती किती लवकर येते, हे मला एका प्रयोगाच्या वर्णनातून कळले आणि मी थक्क झाले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एमी स्टाल आणि लिसा फाइगेन्सन यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात अकरा महिन्यांच्या बाळांना हातचलाखीने अशक्य गोष्टी दाखवल्या गेल्या. काहींना खेळण्यातली गाडी भरीव भिंतीतून आरपार गेल्यासारखी दिसली, काहींना ती आधाराशिवाय हवेत तरंगताना दिसली. नंतर ती गाडी हातात दिल्यावर भिंतीतून गेलेली गाडी पाहिलेल्या बाळांनी ती खाली आपटून पाहिली, आणि तरंगती गाडी पाहिलेल्यांनी ती हातातून सोडून पाहिली. भाषा नाही, शाळा नाही, बक्षीस नाही. तरी ज्या गोष्टीने अपेक्षाभंग केला त्याच गोष्टीची, आणि तीही योग्य त्याच रीतीने, तपासणी. आपल्या घरात रांगते बाळ वाटी पुन्हा पुन्हा खाली टाकते तेव्हा आपण ‘खोडकर झालाय’ म्हणतो. तो खोडकर असेलही, पण त्याची प्रयोगवहीही चालू असते.

उत्सुक मनाला गोष्टी अधिक लक्षात राहतात, हे शिक्षकांना अनुभवाने माहीत असते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१४ साली याच्याही पुढची एक बाब नोंदवली. लोकांना ज्या प्रश्नांच्या उत्तरांची ओढ होती ती उत्तरे तर त्यांच्या लक्षात राहिलीच, पण उत्तराची वाट पाहत असताना मध्येच दाखवलेले अनोळखी चेहरेसुद्धा त्यांना अधिक चांगले आठवले. म्हणजे कुतूहल जागे असताना मनाचे दार उघडे असते आणि त्यातून न बोलावलेले पाहुणेही आत येतात. नातवाला त्या रविवारी कावी-कंबोईत खाल्लेल्या भज्यांची चवसुद्धा आठवते, त्याचे कारण मला आता कळले असे मी गमतीने म्हणते.

आता आपल्या भाषेविषयी थोडे, कारण शब्दांत समाजाची वृत्ती साठलेली असते. संस्कृतात ‘कौतुक’ म्हणजे कुतूहल, उत्सुकता, नवल. हिंदीत हा शब्द आजही त्याच अर्थाने चालतो. मराठीत मात्र तो हळूहळू सरकत गेला आणि आज कौतुक म्हणजे शाबासकी. एका शब्दाच्या प्रवासावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये हे मला कळते, तरीही मनात येते की नवल वाटणे मागे पडले आणि पाठ थोपटणे पुढे आले, हे आपल्या वर्गांतही घडलेले आहे: कौतुक होते ते बरोबर उत्तराचे. उलट, प्रश्न विचारण्याला दूषणे देणारे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. भोचकपणा, नसती उठाठेव, नाक खुपसणे, आणि एक तर असा की ज्यात चौकशीला एका कष्टकरी जातीचे नाव चिकटवून दोघांचाही हकनाक अपमान केला आहे. तो मी इथे लिहीत नाही. बडोद्यात राहणाऱ्यांना आणखी एक गंमत ठाऊक असते. पंचायत या एकाच शब्दापासून गुजरातीत ‘पंचात’ झाली, तिचा अर्थ दुसऱ्याच्या घरात डोकावणे. मराठीत ‘पंचाईत’ झाली, तिचा अर्थ अडचण. आमच्या वाड्यात शेजारची पंचात झाली की आमची पंचाईत होत असे, आणि दोन्ही भाषा एकाच ओसरीवर नांदत असल्यामुळे हा विनोद कुणाला समजावून सांगावा लागत नसे.

पण भोचकपणा आणि जिज्ञासा यांत फरक आहे, आणि तो करणे आवश्यक आहे, कारण ‘कुतूहल चांगले’ असे सरसकट म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. शेजारच्या मुलीचे लग्न का मोडले, या प्रश्नाचे उत्तर मिळाले की तो प्रश्न संपतो. त्यातून दुसरे काही उगवत नाही, झालीच तर त्या मुलीला इजा होते. मोबाईलवर ‘पुढे काय झाले ते पाहून थक्क व्हाल’ असे मथळे येतात तेही याच भोकाचा व्यापार करतात. ते अंतर जाणीवपूर्वक उघडतात आणि आत काहीच ठेवत नाहीत. (आपल्या दैनिकानेही कधीकधी असे मथळे दिले आहेत, हे रागावणार नसाल तर नमूद करते.) जिज्ञासेची खूण अशी की तिचे उत्तर पुढचा प्रश्न घेऊन येते. देवमाशापासून चंद्रापर्यंत आम्ही गेलो ते तसे. आणि मोबाईलचे म्हणाल तर त्या चार संध्याकाळी मला तोच उपयोगी पडला. माझ्या लहानपणी असा प्रश्न पडला असता तर वर्षानुवर्षे तसाच राहिला असता, म्हणून त्याच्यावर सगळे खापर फोडणे मला अन्यायाचे वाटते.

शाळेचे मात्र तसे म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी चार वर्षांच्या मुलींचे घरातले आणि बालवाडीतले बोलणे ध्वनिमुद्रित केले होते. त्यांचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. घरी या मुली आईला तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत होत्या आणि बालवाडीत तासाला दोन. मुली त्याच, वय तेच. आपल्याकडची परिस्थिती नेमकी तशीच असेल असे नाही, पण मी माझे वर्ग आठवते तेव्हा मला तो दोनचा आकडाही उदार वाटतो. दुसरा एक अभ्यास मला अधिक लागला, कारण त्यात वाईट शिक्षक नव्हते, चांगले होते. २०११ साली एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक नवे खेळणे दिले. त्यात अनेक करामती दडलेल्या होत्या. काही मुलांना ‘हे बघ, हे असे चालते’ असे नीट शिकवून त्यातली एक करामत दाखवली, काहींच्या समोर ती अनवधानाने घडल्यासारखी केली. ज्यांना नीट शिकवले ती मुले तेवढीच करामत करत बसली. बाकीच्यांनी उरलेल्याही शोधल्या. बाईंनी एवढेच दाखवले म्हणजे एवढेच असणार, असा मुलांनी काढलेला तर्क खरे तर फार शहाणा आहे, आणि म्हणूनच तो मला बोचतो.

आता माझी कबुली. पुष्कळ वर्षांपूर्वी, सातवीच्या वर्गात, एका मुलाने मला विचारले होते की, ऋण गुणिले ऋण धन का होते? कर्जाला कर्जाने गुणले तर जास्त कर्ज व्हायला हवे ना? वर्ग हसला. मी म्हणाले, ‘तो नियम आहे, पाठ कर, परीक्षेत येतो.’ तो मुलगा खाली बसला आणि वर्ष संपेपर्यंत त्याने मला पुन्हा काही विचारले नाही. हे उत्तर चुकीचे नव्हते, पण ते उत्तरच नव्हते. फळ्यावर पाच ओळी लिहिल्या असत्या तर पुरे झाले असते: तीन गुणिले उणे दोन म्हणजे उणे सहा, दोन गुणिले उणे दोन म्हणजे उणे चार, एक गुणिले उणे दोन म्हणजे उणे दोन, शून्य गुणिले उणे दोन म्हणजे शून्य. प्रत्येक पायरीला उत्तर दोनाने वाढते आहे. आता पुढची पायरी उणे एक गुणिले उणे दोन; क्रम मोडायचा नसेल तर उत्तर अधिक दोनच यायला हवे. ही रीत मला तेव्हाही येत होती. पण अभ्यासक्रमाचे दोन धडे मागे होते आणि तपासणी आठवड्यावर आली होती. आज तो मुलगा पन्नाशीचा असेल. तो कुठे असतो मला ठाऊक नाही.

कुतूहलाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना आपण बहुधा मोठ्या शोधांची यादी ऐकवतो. मला त्यातले एकच उदाहरण द्यायचे आहे, कारण ते आपल्या सर्वांच्या नाकापर्यंत आले होते. १९६६ साली अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांत थॉमस ब्रॉक हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना सुमारे ७० अंश सेल्सिअस तापमानात मजेत वाढणारा एक जीवाणू सापडला. एवढ्या उष्णतेत जीव राहू शकतो का, एवढेच त्यांना पाहायचे होते. डीएनएच्या अतिसूक्ष्म अंशाच्या लाखो प्रती काढण्याची जी पद्धत कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधली आणि जिला पुढे १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तिच्यात नमुना वारंवार उकळत्या पाण्याच्या जवळपास तापवावा लागतो. प्रती काढणारे साधे विकर, म्हणजे एन्झाइम, त्या तापात निकामी होई, आणि प्रत्येक फेरीला ते नव्याने घालावे लागे. झऱ्यातल्या त्या जीवाणूचे विकर टिकले, आणि पद्धत सहज चालू लागली. कोरोनाच्या काळात आपल्या नाकात काडी घालून जी आरटीपीसीआर चाचणी केली गेली ती याच पद्धतीवर उभी होती. गोध्र्याजवळ तुवा येथे आपल्याकडेही गरम पाण्याचे झरे आहेत. आपण तिथे स्नान करतो, आणि त्यात काही गैर नाही.

तरीही ‘बघा, शेवटी उपयोग झालाच’ एवढ्यासाठी कुतूहल जपावे, हे मला पटत नाही. ब्रॉक यांना तो उपयोग माहीत नव्हता, आणि ज्या शेकडो जणांच्या शोधातून काहीच उपयोगी निघाले नाही त्यांचे कुतूहलही तेवढ्याच प्रतीचे होते. शिवाय अशा यादीत नेहमी नाव असलेली माणसे येतात. इथून जवळच, बालासिनोरपाशी रैयोलीला डायनासोरचे जीवाश्म आहेत हे सर्वांना माहीत आहे. १९८१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जी. एन. द्विवेदी आणि धनंजय मोहबे तिथे काम करत असताना चुनखडीच्या खाणीतल्या कामगारांनी त्यांच्या हाती काही गोल दगड दिले. ती डायनासोरची अंडी होती. पुढे त्याच परिसरातल्या हाडांवरून राजासॉरस हा मांसाहारी डायनासोर २००३ मध्ये जगापुढे आला. मला त्या कामगारांविषयी वाटते. दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाच्या मनात ‘हा दगड बाकीच्यांसारखा नाही’ असे आले, तो क्रशरमध्ये न टाकता त्याने बाजूला ठेवला, आणि दाखवण्याजोगा माणूस भेटताच दाखवला. त्यांची नावे कुठल्या पाटीवर मी वाचलेली नाहीत. कुतूहल ही शिकलेल्यांची मिरास आहे, असा आपला एक गोड गैरसमज असतो.

तो गैरसमज आपल्या या शहरात तरी नसावा. श्रीमंत सयाजीराव महाराज १८७५ मध्ये दत्तक म्हणून इथे आले तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांची अक्षरओळख त्यानंतरची. त्याच महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात नेला आणि १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालये उभी करायला घेतली. शाळा काढली की काम संपत नाही, वाचायला शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला काही हवे, नाहीतर तो विसरतो, हा त्यामागचा हिशोब होता. गावाने एक तृतीयांश रक्कम जमवली की प्रांत पंचायत एक तृतीयांश घाली आणि उरलेली संस्थान देई. जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. एखाद्या खेड्यात ती पेटी उघडली जाताना भोवती गोळा झालेल्यांचे चेहरे कसे असतील, याची मी अनेकदा कल्पना करते. मध्यवर्ती ग्रंथालयाची काचेची जमीन मी लहानपणी पाहिली. खालच्या मजल्यापर्यंत उजेड जावा म्हणून ती काचेची आहे हे बाबांनी सांगण्याआधी, वर चालणारी माणसे अधांतरी कशी, या विचाराने मी पुस्तक मागायचेच विसरले होते.

‘आपल्या परंपरेत प्रश्न विचारण्याला स्थान नव्हते’ असे काही जण म्हणतात, तर काही जण ‘आपली परंपरा म्हणजेच प्रश्न’ असे म्हणतात. दोन्ही अर्धवट आहे. ब्रह्मसूत्रांचा आरंभच ‘अथातो ब्रह्मजिज्ञासा’ असा आहे, आणि जिज्ञासा या शब्दाचा अर्थ ज्ञान असा नसून जाणण्याची इच्छा असा आहे. ग्रंथ इच्छेपासून सुरू होतो. पण बृहदारण्यक उपनिषदात, जनकाच्या सभेत, गार्गी याज्ञवल्क्य ऋषींना विचारत जाते, की हे सारे पाण्यात ओवलेले आहे तर पाणी कशात ओवलेले आहे, वारा कशात, अंतरिक्ष कशात, आणि ब्रह्मलोकापर्यंत पोहोचते तेव्हा याज्ञवल्क्य तिला बजावतात, ‘गार्गि, मातिप्राक्षीः’: फार विचारू नकोस, तुझे मस्तक गळून पडेल. गार्गी गप्प होते. बहुतेकांना गोष्ट इथपर्यंतच माहीत असते. पण पुढे त्याच सभेत ती पुन्हा उभी राहते, काशी किंवा विदेहाचा वीर धनुष्याला दोन बाण लावून उभा राहतो तशी मी दोन प्रश्न घेऊन उभी आहे असे म्हणते, आणि या वेळी याज्ञवल्क्य उत्तर देतात. सातवीतल्या माझ्या विद्यार्थ्याला दुसऱ्यांदा उभे राहण्याचे बळ माझ्या वर्गाने दिले नाही. गार्गीच्या सभेने तिला ते दिले होते, निदान तिला बोलू दिले होते.

म्हणून आपल्याला एक विनंती करावीशी वाटते. आपल्या दैनिकात कोडी असतात, राशिभविष्य असते, पाककृती असतात. त्यात वाचकांच्या प्रश्नांसाठी, विशेषतः मुलांच्या, आठवड्यातून एक चौकट द्यावी. मात्र प्रश्नाखाली लगेच उत्तर छापू नये. एका रविवारी फक्त प्रश्न आणि विचारणाऱ्याचे नाव छापावे. आठवडाभर घरोघरी, ओट्यावर, चहाच्या टपरीवर त्यावर डोके चालू द्यावे, लोकांनी पाठवलेले तर्क, चुकलेलेसुद्धा, पुढच्या रविवारी द्यावेत, आणि मग त्या विषयाच्या जाणकाराकडून उत्तर घ्यावे. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या नावाचे विद्यापीठ आहे, तिथे प्रत्येक विषयाचे प्राध्यापक आहेत, त्यामुळे जाणकारांची वानवा पडू नये. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर अजून कुणालाच सापडलेले नाही तिथे तसे छापायला संकोच करू नये. मुलांना ते कळले पाहिजे, त्याने ती निराश होत नाहीत. प्रश्न मराठीत, गुजरातीत, कसेही लिहून आले तरी घ्यावेत. भाषा आपण नीट करू शकता. व्याकरणाच्या भीतीने एखादा प्रश्न घरीच राहू नये.

पहिला प्रश्न मी या पत्रासोबत पाठवत आहे. तो नातवाच्या अक्षरात आहे आणि त्यातले ऱ्हस्व-दीर्घ मी मुद्दाम सुधारलेले नाहीत. देवमाशाला श्वास घ्यायला वर यावे लागते, हे त्याने परवा वाचले, आणि तेव्हापासून त्याला हवे आहे, की मग तो झोपतो कधी आणि कसा. उत्तर मी शोधून ठेवले आहे, पण आपली चौकट सुरू होईपर्यंत त्याला सांगणार नाही असे ठरवले आहे. कृपया फार उशीर करू नये. तो रोज विचारतो.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे